दोन भोकांची ब्रायडी

(स्कॉटलंडमधलं क्रेगम्यूर गाव. थिसल फुटबॉल क्लबाच्या मैदानाच्या कडेची चहाची टपरी. गुरुवार, दुपारचे चार. सरावाला अजून दीड तास आहे.)

एफी : खा ना. गार होतेय.

नॉरी : होऊ दे.

एफी : बेकरीतून रस्ता ओलांडून धावत आणलीय मी. एकोणसत्तराव्या वर्षी.

नॉरी : तेच म्हणतोय मी. अठ्ठेचाळीस वर्षं तू ही टपरी चालवतेस. मी या क्लबाचा मॅनेजर, वर तुझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. आजवर चहात चमचाभर साखर जास्त टाकली नाहीस. आणि आज ब्रायडी? फुकट? कागदी रुमालासकट?

एफी : नको असेल तर ड्रूला देते. येईलच तो.

नॉरी : राहू दे इथेच. खिम्याची करंजीच ती, पळून नाही जाणार.

एफी : मग पिशवी उघड तरी.

नॉरी : उघडतो. घाई काय आहे? तू आधी सांग, गॉर्डन कुठाय? आपला सेक्रेटरी दर गुरुवारी साडेतीनला येऊन गोलच्या जाळ्या तपासतो, अख्ख्या गावाला माहीत आहे. आज त्याची गाडी फाटकातून आत वळली, मला बघितलं आणि उलटी गेली. रिव्हर्समध्ये. पार चर्चपर्यंत.

एफी : विसरला असेल काहीतरी घरी.

नॉरी : विसरलेला माणूस गाडी वळवून जातो. हा मान मोडेस्तोवर मागे बघत गेला. वीस वर्षं बचावात खेळलोय मी, एफी. समोरचा कुठे बघतोय त्याच्यावर जायचं नसतं. त्याचे खांदे कुठे वळलेत ते बघायचं.

एफी : आलं का खांद्यांचं पुराण.

नॉरी : चारशे बारा सामने खेळलो त्या पुराणावर.

एफी : आणि गोल तीन.

नॉरी : बचावपटूला तीन पुष्कळ झाले.

एफी : आपल्याच जाळ्यात पाच मारलेस ते धरले तर आठ होतात.

नॉरी : यॉर्कशरमधला तो माझ्या पाठीला लागून गेला होता.

एफी : एक पाठीला लागून गेला, एक गुडघ्याला लागून गेला, एक गोलकीपर शिंकला म्हणून गेला. तुझा एकही गोल तू मारलेला नाहीस, नॉरी, सगळे तुला येऊन लागले. रोना सांगत होती, झोपेतसुद्धा ऑफसाइड मागायला हात वर करतोस म्हणे.

नॉरी : तुम्ही दोघी बहिणी माझ्या झोपेवर बोलता?

एफी : तुझ्या जागेपणावर बोलण्यासारखं काय उरलंय? या मोसमात अकरा सामने आणि चार गोल.

नॉरी : आपल्यावर किती झाले ते बोल.

एफी : सहा.

नॉरी : सहा. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी.

एफी : प्रेक्षकही सगळ्यात कमी. गेल्या शनिवारी एकसष्ट होते, त्यातले दोन कुत्रे. मी ब्रायड्या मोजून मागवते म्हणून मला पक्का आकडा माहीत असतो. शून्य-शून्य बघायला या वाऱ्यात कोण उभं राहणार? म्हातारा विली अर्ध्यातून उठून माझ्याकडे आला. म्हणाला, एफी, आत येऊन उभा राहतो, इथे निदान किटलीला तरी उकळी येते.

नॉरी : विलीला फुटबॉल कळत नाही.

एफी : विली तुझ्याबरोबर सहा वर्षं खेळलाय.

नॉरी : म्हणून तर सांगतोय.

एफी : आणि तू? स्कॉटलंडच्या संघात एकदा बोलावलं तुला. नव्वद मिनिटं बेंचवर बसून आलास, ट्रॅकसूटची चेनसुद्धा खाली ओढली नाहीस. तुझी आई तो शर्ट धुवायला घेईना. म्हणाली, याला घामच नाही, धुवू काय?

नॉरी : अजून तसाच घडी घालून ठेवलाय. ये, ड्रू, आत ये. दार लाव, वारा येतोय.

ड्रू : बॉस. एफीकाकू. चर्चमागच्या घरातलं बॉयलरचं काम लवकर उरकलं, म्हटलं गुडघ्याला जरा पट्टी बांधून घ्यावी आधी. ती… ती पिशवी कुणाची?

नॉरी : कुठली पिशवी?

ड्रू : तुमच्या कोपरापाशी आहे ती. बेकरीची. तूप सुटलंय बघा बाहेर.

एफी : बस, ड्रू. चहा घे.

ड्रू : बसत नाही, काकू. बॉस, शनिवारी त्यांना पेनल्टी माझ्यामुळे मिळाली, मान्य आहे मला. पण त्यांच्या माणसानं बाहेर मारली ना ती. आणि गुडघा तीन आठवडे दुखतोय हे मी तुम्हाला बोललो नाही, तेही चुकलंच. फक्त एवढं सांगा. भोकं किती आहेत?

एफी : बघ. बघ याच्याकडे. संघाचा कप्तान आहे हा. चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि बेकरीची पिशवी बघून भोकं विचारतोय. काय करून ठेवलंयस रे हे तू?

नॉरी : मी काय केलं? ज्याला बाहेर बसवायचं असेल त्याला मी बोलावतो, समोर बसवतो, तोंडावर सांगतो आणि ब्रायडी खाऊ घालतो. त्यात वाईट काय?

ड्रू : वाईट काही नाही, बॉस. पण पोरांना पाठ झालंय ना आता. वर दोन भोकं म्हणजे कांदा घातलेली. म्हणजे या शनिवारी बाहेर, पण पुढच्या गुरुवारी सरावाला ये. एकच भोक म्हणजे बिनकांद्याची. म्हणजे दुसरा क्लब बघ.

नॉरी : भोकं बेकरीवाला पाडतो, कांदा आहे की नाही ते कळावं म्हणून. असला नियम मी केलेला नाही.

ड्रू : नऊ वर्षांत एकदाही चुकला नाही, बॉस.

एफी : एकदा चुकला. रॉरी.

ड्रू : हां, रॉरी.

नॉरी : रॉरीचं नाव काढू नका.

एफी : का नको? उजव्या बाजूनं वाऱ्यासारखा पळायचा पोरगा. त्याला एका शनिवारची फक्त विश्रांती द्यायची होती. पण त्याला कांदा चालत नाही, पोट बिघडतं. हे ह्या भल्या माणसाला नेमकं आठवलं. मुद्दाम बिनकांद्याची मागवली माझ्याकडून. पोरानं एक भोक बघितलं, सगळी खाल्ली, याच्याशी हात मिळवला, बूट पिशवीत टाकले आणि संध्याकाळी पलीकडच्या गावात ग्लेनार्डीच्या क्लबाला जाऊन सही केली.

ड्रू : महिन्याभरात आपल्यावरच दोन गोल चढवले.

नॉरी : मला वाटलं, पोट दुखलं म्हणून घरी गेला.

ड्रू : मग बॉस… ही माझी नाही ना?

नॉरी : नाही. तू शनिवारी खेळतोयस. गुडघा आधी डॉक्टरला दाखव.

ड्रू : दाखवतो. मग कुणाची?

नॉरी : माझी. मला एफीनं दिलीय.

ड्रू : एफीकाकूनं? विकत?

नॉरी : फुकट.

ड्रू : अच्छा. अच्छा, अच्छा. मी… मी जाळ्या तपासून येतो.

नॉरी : जाळ्या गॉर्डन तपासतो.

ड्रू : आज मी बघतो, बॉस. बॉस, मी… नाही, काही नाही.

एफी : जा, ड्रू. दार ओढून घे.

नॉरी : बघितलंस? तोंडानं जाळ्या म्हणाला, पण खांदे आधीच दाराकडे वळले होते.

एफी : नॉरी, ऐक.

नॉरी : थांब. लगेच बोलू नकोस. किटली ठेव.

एफी : ठेवलेलीच आहे.

नॉरी : मंगळवारी कमिटी बसली. मला गॉर्डननं सांगितलं, छपराचा विषय आहे, तुझं काही काम नाही.

एफी : छपराचाही होता.

नॉरी : किती विरुद्ध किती?

एफी : चार विरुद्ध तीन.

नॉरी : म्हणजे तुला धरून तीन माझ्या बाजूनं.

एफी : मला धरून चार.

नॉरी : अच्छा.

एफी : काहीतरी बोल की.

नॉरी : साखर दे.

एफी : तू साखर घेत नाहीस.

नॉरी : आज घेतो.

एफी : ही घे. पुढे बोल. शिव्या द्यायच्या तर दे, मी ऐकून घेईन.

नॉरी : शिव्या कशाला? ही पाचवी वेळ माझी. सवय आहे. पहिल्यांदा काढलं तेव्हा मला पेपरात कळलं. न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो, अर्धी दाढी झालेली. न्हावीच म्हणाला, साहेब, हे तुम्हीच ना? दुसऱ्या ठिकाणी सकाळी गाडी लावायला गेलो तर माझ्या जागेवरचं नाव पुसून त्यावर पांढरा रंग मारलेला. अजून ओला होता. पॅन्टला लागला माझ्या.

एफी : ती पॅन्ट रोनानं मला दाखवली होती.

नॉरी : तिसऱ्यांदा तर रोनालाच आधी कळलं, रेडिओवर. तिनं मला सांगितलंच नाही, नुसते बटाटे सोलत बसली. चार जणांना पुरतील एवढे सोलले. आणि सायप्रस… सायप्रसमध्ये ब्रायडी कुठून मिळणार? तिथे मी बाहेर बसवलेल्या पोराला संत्रं द्यायचो. कुणाला काही कळायचंच नाही. संत्रं खाऊन, थँक्यू म्हणून, दुसऱ्या दिवशी परत हजर.

एफी : आणि तुला काढलं तेव्हा?

नॉरी : फाटकाचं कुलूप बदललेलं. पहारेकरी गजांच्या पलीकडे उभा. त्याला माझी भाषा येत नव्हती. खिशातून त्यानं संत्रं काढलं आणि गजांतून माझ्या हातात ठेवलं. चौघांत तेवढा एकच माणूस निघाला.

एफी : हसू की नको?

नॉरी : हस. मी पण हसलो होतो. बसमध्ये बसल्यावर.

एफी : हे बघ. हा कागद.

नॉरी : काय आहे?

एफी : गॉर्डननं टाइप करून आणला होता. नऊ वर्षांच्या सेवेबद्दल आभार वगैरे. आज पाच वाजता ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवायचं ठरलं होतं, आणि शनिवारी तुला भिंतीवरचं घड्याळ.

नॉरी : घड्याळ? माझ्याकडे तीन घड्याळं आहेत असली. चारही क्लबांनी दिली असती तर चार झाली असती, पण सायप्रसवाल्यांनी टपालाचा खर्च केला नाही.

एफी : कागद मी मंगळवारीच त्याच्या हातातून काढून घेतला. त्याला म्हटलं, त्या दारावर नॉरी एस्प्लिनसाठी परत कागद लागणार नाही. सांगायचं असेल तर मी सांगेन. म्हणून तो तुला बघून पळाला. लाजलाय बिचारा.

नॉरी : परत म्हणालीस.

एफी : मग? मला काय आठवत नाही? कपची फायनल. एकोणीस वर्षांचा होतास. सगळे सामने तू खेळलास, आणि फायनलच्या आदल्या संध्याकाळी त्या दारावर कागद लागला. त्यावर तुझं नाव नव्हतं. तुझ्या घरच्यांनी बसमध्ये जागासुद्धा धरल्या होत्या. आणि कागद चिकटवणारा सेक्रेटरी माझा बाप.

नॉरी : बाप तुझा भला माणूस होता.

एफी : भला होता, पण तुझ्या तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं त्याच्यात. तू या पायऱ्यांवर येऊन बसलास. रडलास.

नॉरी : रडलो नाही.

एफी : नाक पुसत होतास बाहीनं. जूनमध्ये, भर उन्हाळ्यात.

नॉरी : आणि तू आतून ब्रायडी आणलीस.

एफी : शेवटची राहिली होती, टाकूनच देणार होते.

नॉरी : असू दे. तुझ्यामुळेच पुढे ठरवलं मी. पहिल्यांदा मॅनेजर झालो त्या दिवशी. आपल्याकडून कुणाला दारावरच्या कागदावर कळता कामा नये. समोर बसवायचं, सांगायचं, काहीतरी खायला द्यायचं.

एफी : म्हणजे हे सगळं माझ्या त्या ब्रायडीवरून? नऊ वर्षं मला वाटत होतं, मेहुणीचा धंदा वाढावा म्हणून करतोय.

नॉरी : तुझ्या धंद्याला माझी गरज नाही. कुत्र्यांनाही विकतेस तू. आता खरं सांग. हात का वर केलास माझ्याविरुद्ध?

एफी : कारण मॅनेजर म्हणून तू भिकार आहेस, नॉरी.

नॉरी : हं.

एफी : रागावू नकोस. अकरा माणसं निवडायची म्हणजे सहा जणांना नाही म्हणायचं. तुला ते झेपत नाही. रोना सांगते, बुधवारपासून ताटातलं निम्मं तसंच ठेवतोस. शुक्रवारी दोनदा उठून स्वयंपाकघरात जाऊन बसतोस. तिला किती वर्षं झाली हे बघतेय? तुझा चेहरा बघ जरा. शनिवारी त्या रेषेवर उभा राहून निळा पडतोस. मला भीती वाटते रे. सरळ सांगते, भीती वाटते. एकसष्ट माणसांसाठी माझ्या बहिणीनं विधवा व्हायचं?

नॉरी : एकोणसाठ. दोन कुत्रे होते.

एफी : आणि दुसरं ऐक. हा ड्रू आला तेव्हा काय होता? उडी मारली की डोळे मिटायचा. तू दोन वर्षं त्याला त्या मागच्या भिंतीपाशी नेऊन चेंडू टाकत होतास. पावसात, एकटाच. किती वेळा मी ओरडले, चहा गार होतोय म्हणून. आज त्याच्या डोक्यावरून कुणाचा चेंडू जात नाही. तू शिकवणारा माणूस आहेस. निवडणारा नाहीस. म्हणून केला हात वर. आणि घरी जाऊन मी नीट जेवलेही नाही, तुला सांगायला हरकत नाही.

नॉरी : रोनाला माहीत आहे?

एफी : मंगळवारीच सांगितलं. म्हणाली, तोंडावर सांग त्याला, आणि म्हणावं, मी घरी आहे.

नॉरी : बटाटे सोलत असेल.

एफी : असेल.

नॉरी : माझ्या जागी कोण?

एफी : ड्रू. खेळेल पण आणि बघेल पण. त्याला अजून कुणी बोललं नाहीये.

नॉरी : दारावर कागद लावू नका त्याच्यासाठी.

एफी : तूच सांग.

नॉरी : मी सांगतो. पण खायला काय देऊ? ब्रायडी समोर ठेवली तर पोरगा बेशुद्ध पडेल.

एफी : स्कोन दे, बेकरीचा गोड पाव. जॅम लावून. आणि अजून एक. रविवारचा आपला बायकांचा संघ आहे ना.

नॉरी : तो काय, नव्यानं काढलाय तो? बरं चाललंय ना त्यांचं?

एफी : परवा नऊ झाले.

नॉरी : नऊ गोल केले?

एफी : खाल्ले.

नॉरी : नऊ?

एफी : त्याच्या आधीच्या रविवारी अकरा. म्हणजे सुधारतायत.

नॉरी : एफी, नऊ गोल होऊच शकत नाहीत. माणसं मैदानात आडवी झोपली तरी नऊ होत नाहीत. मागे उभं कोण असतं?

एफी : कुणी नाही. सगळ्या पुढे. सगळ्यांना गोल करायचाय.

नॉरी : तुझी नात शोना कुठे असते?

एफी : मधोमध, मागे. निदान सुरुवातीला. मग चेंडू दिसला की त्याच्यामागे धावते. हॉस्पिटलात नर्स आहे ना, कुठे काही झालं की धावत सुटायची सवय.

नॉरी : ती मिठाची बाटली दे. दे इकडे. ही शोना. सॉसची बाटली तिच्या डावीकडे. दुधाचा जग उजवीकडे. आता हा चमचा, ही समोरची. चमचा इकडून आला तर मीठ जागेवरून हलणार नाही. सॉस हलेल. कळलं? मीठ फक्त बघेल. काय बघेल?

एफी : चेंडू.

नॉरी : चेंडू नाही, एफी. अठ्ठेचाळीस वर्षं काय ऐकलंस तू?

एफी : खांदे.

नॉरी : खांदे. सांग तिला.

एफी : मी नाही सांगणार, तू सांग. मंगळवारी सहा वाजता, खालच्या मैदानावर. त्यांना बाहेर बसवायचं काम नाही, अकराच आहेत मोजून. एक तापानं पडली तर मीच उतरणार आहे.

नॉरी : हे कमिटीनं ठरवलं?

एफी : कमिटीनं घड्याळ ठरवलं. मंगळवारचं मी ठरवलं. आता ती पिशवी उघड.

नॉरी : तू सांग आधी, किती आहेत.

एफी : मी नाही सांगणार. बेकरीत दहा मिनिटं नुसती उभी होते मी, मागे दारापर्यंत रांग. शेवटी तो म्हणाला, एफी, एक की दोन, लोकांना घरी जायचंय. उघड.

नॉरी : दोन आहेत.

एफी : हं.

नॉरी : कांदा बाधतो आताशा मला.

एफी : मंगळवारपर्यंत उतरेल.

नॉरी : सुरी दे.

एफी : सुरी कशाला? हातानं खा.

नॉरी : त्या दिवशी पायऱ्यांवर निम्मी तू खाल्ली होतीस. माझ्याशेजारी बसून.

एफी : मला भूक लागली होती.

नॉरी : दिवसभर टपरीत होतीस, भूक कसली लागतेय. ही घे तुझी.

एफी : गार झाली असेल आता.

नॉरी : असू दे. तेव्हाही गारच होती.